बुटिजीच : एका माल्टीज आडनावाचा माग

१४ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहराचे महापौर पीट बुटिजीच यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या धोरणांइतकीच चर्चा त्यांच्या आडनावाची सुरू झाली. रोमन लिपीत नऊ अक्षरं : बी, यू, टी, टी, आय, जी, आय, ई, जी. वाचायचं कसं, हे वृत्तवाहिन्यांवर बोलणाऱ्यांनाही सुचेना. शेवटी प्रचारातच 'बूट-एज-एज' अशी फोड करून लोकांना उच्चार शिकवला गेला आणि सभांमध्ये त्याच तालावर घोषणा होऊ लागल्या. मग कुणीतरी अर्थ शोधून काढला : हे नाव मुळात अरबी आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ होतो 'कोंबड्यांचा बाप'. बातम्यांना मथळा मिळाला आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. माल्टा हे भूमध्य समुद्रातलं एक छोटं बेट, जवळजवळ सगळी वस्ती शेकडो वर्षं कॅथलिक, मध्ये अडीचशेहून अधिक वर्षं ख्रिस्ती सरदारांच्या संघाचं राज्य, पुढे दीडशे वर्षांहून जास्त ब्रिटिश. अशा ठिकाणच्या सर्वसामान्य ख्रिस्ती कुटुंबाचं आडनाव अरबी कसं? ते अरबीच आहे हे कशावरून ठरवायचं? आणि ते ठरलं तर त्या कुटुंबाच्या पूर्वजांबद्दल नेमकं काय कळतं? आडनावांच्या अभ्यासात घोटाळा होतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नावर. म्हणून हे एकच आडनाव घेऊन ते मुळापासून उलगडून बघू.

आधी नाव धारण करणाऱ्यांबद्दल थोडं. पीट यांचे वडील जोसेफ यांचा जन्म १९४७ साली माल्टातल्या हमरून गावचा. ते अमेरिकेत गेले, नोत्र देम विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि अंतोनियो ग्राम्शी या इटालियन विचारवंताच्या तुरुंगातल्या वह्यांचं इंग्रजी भाषांतर ही त्यांची आयुष्यभराची कामगिरी ठरली. (ग्राम्शी हे आडनावही असंच समुद्र ओलांडून आलेलं. त्याचा धागा अल्बानियातल्या ग्राम्श गावाशी जुळतो.) जानेवारी २०१९ मध्ये, मुलाची उमेदवारी जाहीर होण्याआधी काही आठवडे, जोसेफ वारले. माल्टात मात्र हे आडनाव त्याच्या फार आधीपासून सार्वजनिक जीवनात होतं. गोझो बेटावरच्या आला गावात १९१२ साली जन्मलेले अँटन बुटिजीच वकील होते, कवी होते, आणि १९७६ ते १९८१ या काळात माल्टाचे राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे माल्टाच्या माणसाला हे नाव काही नवलाचं नाही. नवल वाटतं ते बाहेरच्यांना.

अक्षरं सोडवू

माल्टात हे नाव साधारण 'बुटिजीच' असं उच्चारतात, आघात शेवटच्या 'जीच'वर. अमेरिकन लिखाणातला शेवटचा 'जी' आणि बोलण्यातला 'च' यांचा मेळ बसत नाही असं वाटतं, पण त्याला कारण आहे. माल्टीज भाषेत शब्दाच्या शेवटी आलेलं घोष व्यंजन अघोष होतं. लिहायचं 'ब', बोलायचं 'प'. लिहायचं 'ज', बोलायचं 'च'. त्यामुळे मूळ शेवट 'जीज' असा धरायला हवा.

आता तो 'जी' रोमन लिपीत का? माल्टीज ही रोमन लिपीत लिहिली जाणारी सेमिटिक कुळातली भाषा. आज तिच्या वर्णमालेत 'ज' या ध्वनीसाठी डोक्यावर बिंदू असलेला खास जी आहे. पण ही वर्णमाला लेखकांच्या संघटनेने १९२४ साली पक्की केली आणि ती अधिकृत झाली १९३४ साली. आडनावं त्याच्या शेकडो वर्षं आधी कागदावर चढली होती, आणि ती चढवणारे होते लॅटिन, सिसिलियन आणि पुढे इटालियनमध्ये लिहिणारे नोटरी आणि पाद्री. समोरचा शेतकरी आपलं नाव माल्टीजमध्ये सांगायचा, लिहिणारा ते इटालियन वळणाने उतरवायचा. इटालियनमध्ये आय किंवा ई पुढे असला की जी चा उच्चार 'ज' होतो. म्हणून मधला जी बरोबर बसला. शेवटच्या जी पुढे मात्र स्वरच नाही, तिथे इटालियन नियम लंगडा पडतो. नेमक्या त्याच जागी आजचा इंग्रजी वाचक अडखळतो आणि 'बटिगीग' म्हणून मोकळा होतो. त्याची अडचण चारपाचशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने केलेल्या तडजोडीतून आली आहे.

शब्दाच्या पोटात शिरलं की तीन तुकडे हाती लागतात. पहिला 'बु'. हा अरबी 'अबू'चा झिजलेला अवतार. उत्तर आफ्रिकेत तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. फ्रेंचांनी तो 'बू' असा तीन अक्षरांत लिहिला, म्हणून ट्युनिशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बुर्गीबा आणि अल्जीरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बुमेदिएन आपल्याला वेगळे वाटतात. पण तो हाच 'बु'. या बुमेदिएन यांचं जन्माचं आडनाव बुखरूबा होतं. खरूब म्हणजे कॅरोबचं झाड किंवा त्याची शेंग. अबूचा अर्थ बाप खरा, पण या जातीच्या नावांत त्याचं काम नातं सांगण्याचं नसतं. अमुक गोष्ट ज्याच्याकडे आहे, जो ती बाळगतो, विकतो, जो तिच्यावरून ओळखला जातो, तो. मराठीत हे काम 'वाला' करतो. म्हणजे वर्तमानपत्रांतला तो 'कोंबड्यांचा बाप' खरं तर आपला साधा कोंबडीवाला. माल्टात याच घडणीचं दुसरं प्रसिद्ध आडनाव आहे बुहाजर. हजर म्हणजे दगड. दगडवाला, बहुधा पाथरवट किंवा दगडाळ जमीन कसणारा.

दुसरा तुकडा 'तिजीज', म्हणजे कोंबड्या. एका कोंबडीला माल्टीजमध्ये आजही 'तिजीजा' म्हणतात. अरबीत तिला 'दजाजा' आणि समूहवाचक शब्द 'दजाज'. रत्नागिरी-रायगडातले जे हजारो लोक दुबई, दोहा, मस्कतला नोकरीला गेले त्यांनी हॉटेलांच्या पाट्यांवर आणि दुकानांच्या फ्रीजरवर हा 'दजाज' शेकडो वेळा पाहिला असेल. दजाजचा तिजीज होताना दोन बदल झाले. सुरुवातीच्या 'द'चा 'त' झाला, आणि लांब 'आ' वर सरकून 'ई'कडे गेला. दुसरा बदल माल्टीजची खूणच म्हणावी इतका नियमित आहे. अरबीतला 'बाब', म्हणजे दार, तिथे 'बीब' होतो. 'किताब'चा 'क्तीब' होतो. हे दोन्ही शब्द मराठीतही फारसीच्या वाटेने आले. आपण म्हणतो 'ही बाब गंभीर आहे', त्यातली बाब हीच. आपल्याकडे 'आ' शाबूत राहिला, माल्टात तो 'ई' झाला. त्यामुळे 'दजाज' ते 'तिजीज' हा प्रवास कुणाच्या कल्पनेतून निघालेला नाही. भाषेतल्या शेकडो शब्दांनी तो केलेला आहे.

तिसरा तुकडा डोळ्यांना दिसत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नावात टी दोनदा का? अरबीत नामाआधी 'अल' हे निश्चयदर्शक उपपद लागतं, आणि पुढचं व्यंजन द, त, स, न अशांपैकी असेल तर त्यातला 'ल' त्या व्यंजनात विरून जातो. 'अबू अल-दजाज' असं लिहिलं तरी बोलताना 'अबुद्दजाज' होतं. माल्टीजमध्येही नेमकं हेच घडतं. कोंबडी साठी 'इत-तिजीजा', दाराला 'इल-बीब'. म्हणजे 'बु'पुढे 'त-तिजीज' आलं की दुहेरी त आपोआप तयार होतो. इटालियन वळणाचे लेखनिक व्यंजनं उगाच दुप्पट करायचेही, हे खरं. म्हणून एकट्या त्या दुहेरी टी वर भार टाकू नये. पण इथे व्याकरण आणि लेखन दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

दुसरी शक्यता तपासून पाहणं गरजेचं आहे. हे नाव सिसिलियन किंवा इटालियन असू शकतं का? 'बुत्ती-' ही सुरुवात इटालियन कानाला परकी नाही. पण मग शेवटच्या '-जीज'चं काय करायचं? त्या भाषांत आडनावं स्वरावर संपतात, आणि असा शेवट देणारा प्रत्यय तिथे नाही. अर्धं नाव समजावून अर्धं वाऱ्यावर सोडणारी व्युत्पत्ती कामाची नसते. अरबी उकलीत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं जागेवर बसतं, वर तो शब्द आजही माल्टाच्या अंगणात जिवंत आहे.

उलट दिशेनेही सावध राहावं लागतं. 'बु'ने सुरू होणारं प्रत्येक माल्टीज आडनाव अबूचं नाही. बुजेया हे आडनाव अभ्यासक अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या बुजिया, म्हणजे आजच्या बेजाइया बंदराशी जोडतात. तिथे 'बु' हा गावाच्या नावाचाच भाग. आणि फर्रूजा या अतिशय प्रचलित आडनावात काहींना अरबी 'फर्रूज', म्हणजे कोंबडीचं पिल्लू दिसतं, काहींना लोखंडाशी नातं सांगणारं इटालियन मूळ. तिथे दोन्ही बाजूंना थोडंथोडं बळ आहे. कोंबडीवाल्याची उकल जितकी स्वच्छ तितकी प्रत्येक नावाची नसते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

बेट ख्रिस्ती, नाव अरबी

सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर माल्टाची बेटं आहेत. सगळी मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतात त्याहून लहान. ८७० साली उत्तर आफ्रिकेतल्या अघलबी सत्तेने ती बायझंटाइनांकडून जिंकली. अल-हिम्यरी नावाच्या अरब लेखकाने नोंदवलंय की या विजयानंतर बेट उजाड पडलं आणि हिजरी ४४० च्या सुमारास, म्हणजे १०४८-४९ मध्ये, मुसलमानांनी ते नव्याने वसवलं. बेट पूर्ण ओसाड होतं का यावर वाद आहे. मदीना या माल्टाच्या जुन्या राजधानीच्या उत्खननात मधल्या काळातलीही वस्ती दिसते. पण आजची माल्टीज भाषा ज्या अरबी बोलीतून आली ती या वसाहतीच्या काळात रुजली, याबद्दल फारसं दुमत नाही.

१०९१ साली नॉर्मन काउंट रॉजरने बेटावर स्वारी केली, ११२७ साली त्याच्या मुलाने, दुसऱ्या रॉजरने, ती पक्की ताब्यात घेतली. शाळेच्या पुस्तकात वाचलं तर वाटतं की त्या दिवशी सगळं पालटलं. प्रत्यक्षात राजा ख्रिस्ती झाला, रयत अरबी बोलत राहिली आणि बराच काळ मुसलमानही राहिली. याचा एक आकडेवार पुरावा आहे. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा अधिकारी जिलिबेर्तो अब्बाते याने १२४१ च्या सुमारास बेटांचा अहवाल पाठवला. त्यात माल्टा बेटावर ६८१ मुस्लिम कुटुंबं आणि ४७ ख्रिस्ती कुटुंबं असल्याचं दिसतं, गोझोवर १५५ मुस्लिम आणि २०३ ख्रिस्ती. माल्टाच्या ४७ या आकड्यावर इतिहासकारांनी बरीच चर्चा केली आहे. नक्कल करताना हजार गळले असावेत आणि तो १,०४७ असावा, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं. दोन आकड्यांतून दोन वेगळी बेटं उभी राहतात : एक जवळजवळ सगळं मुस्लिम, दुसरं ख्रिस्ती बहुसंख्येचं. एका लेखनिकाच्या हातून एक आकडा सुटला की नाही, यावर इतकं अवलंबून आहे.

याच फ्रेडरिकच्या काळात सिसिलीतल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेराला नेऊन वसवण्यात आलं आणि माल्टातलेही त्यात गेले असं अरब इतिहासकार इब्न खल्दून सांगतो. १३व्या शतकाच्या मध्यानंतर बेटावर उघडपणे मुसलमान म्हणून राहणं संपलं. जे राहिले ते आधीपासून ख्रिस्ती होते किंवा झाले. भाषा मात्र गेली नाही. लोकांनी चर्चमध्ये लॅटिन ऐकली आणि घरी अरबीची आपली बोली बोलली. माल्टीज माणूस आजही देवाला 'आल्ला' म्हणतो आणि लेंटच्या उपासाला 'रांदान'. रमजानचाच तो शब्द, ख्रिस्ती उपासाला लावलेला. प्रार्थनेतले शब्दसुद्धा टिकले, तिथे कोंबडीचा शब्द बदलायचं काहीच कारण नव्हतं.

या पार्श्वभूमीवर आपला कोंबडीवाला उभा करून बघू. नाव अरबीत पडलं, म्हणजे ज्या समाजाने त्याला ही हाक मारली तो अरबीची बोली बोलत होता. इतकं ठाम. पण तो मुसलमान होता का? याचं उत्तर नावातून मिळत नाही. 'अबू'ने होणाऱ्या टोपणनावाला धर्माची अट नव्हती. अरबी बोलणारे ख्रिस्ती आणि ज्यू माल्टात होते, नॉर्मन सिसिलीत तर मोठ्या संख्येने होते. सिसिलीतल्या मठांना दिलेल्या कुळांच्या अरबी-ग्रीक याद्या आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत धंद्यावरून, व्यंगावरून, गावावरून पडलेली नावं ओळीने दिसतात. हे नाव माल्टाच्या मातीत पडलं की सिसिलीहून कुणाबरोबर आलं, हेही नुसत्या व्युत्पत्तीने सांगता येत नाही. ते ख्रिस्तीकरणानंतरही पडलेलं असू शकतं, कारण धर्म बदलल्यावरही गावची भाषा तीच होती.

म्हणून मी आग्रहाने सांगेन : आडनाव हा भाषेचा पुरावा आहे, रक्ताचा नाही. आणि भाषेचाही तो एका माणसापुरता, ज्या एका पिढीत ते नाव चिकटलं त्या पिढीपुरता. आज हे नाव लावणाऱ्याच्या पंचवीस पिढ्या मागे गेलं तर त्याच्या पूर्वजांची संख्या गणिताने कोट्यवधींत जाते. त्यातल्या एका, फक्त वडिलांकडून वडिलांकडे जाणाऱ्या रेषेवर हा कोंबडीवाला बसलेला आहे. बाकीच्या रेषांवर कोण होतं याबद्दल आडनाव गप्प असतं.

याला माल्टाच्या इतिहासातलाच एक धक्कादायक दाखला आहे. १५५१ साली तुर्गुत रईस आणि उस्मानी आरमाराने गोझोचा किल्ला घेतला आणि पाच-सहा हजार माणसं, म्हणजे जवळजवळ सगळं बेट, गुलाम म्हणून पकडून नेलं. काही जण पुढे खंडणी भरून सोडवून आणले गेले. पण बेट पुन्हा भरलं ते मुख्यतः माल्टातून आणि काही प्रमाणात सिसिलीतून आलेल्या लोकांनी. त्यामुळे आज गोझोतल्या एखाद्या गावात एखादं अरबी आडनाव घरोघरी असलं, तरी 'हे लोक मध्ययुगापासून इथेच होते' असं म्हणता येत नाही. नाव जुनं, घर नवं, असं असू शकतं.

मराठी वाचकाला इथे गोव्याची आठवण होणं साहजिक आहे. तिथे १६व्या शतकात बाप्तिस्म्याबरोबर आडनावही बदललं. पाद्री किंवा धर्मपिता यांचं पोर्तुगीज आडनाव मिळालं, फर्नांडिस, परेरा, डिसोझा घरं झाली, आणि कामत, प्रभू, नाईक ही जुनी नावं कित्येक ख्रिस्ती घरांनी फक्त आठवणीत जपली. माल्टातल्या जुन्या रयतेच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण तिथलं धर्मांतर झालं तेव्हा आडनावं अजून घट्ट झालेलीच नव्हती. पुढे सरदारांच्या काळात जे मुस्लिम गुलाम बाप्तिस्मा घेत, त्यांना मात्र बहुतेक वेळा मालकाचं किंवा धर्मपित्याचं युरोपीय आडनाव मिळे. यातून एक उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो : माल्टात १७व्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या माणसाचे वंशज आज शुद्ध इटालियन आडनाव लावत असू शकतात, आणि बुटिजीच लावणाऱ्याचे बहुतेक पूर्वज सिसिलियन असू शकतात.

नको असलेलं मूळ

या नावाचं मूळ बघणारे माल्टीज विद्वान पूर्वी दुसऱ्याच दिशेला बघत. प्रेषित पौलाचं जहाज फुटलं ते माल्टापाशी, अशी बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकावरून चालत आलेली श्रद्धा. १६४७ साली जान फ्रांचेस्को आबेला यांनी माल्टाचं मोठं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पौलापासून आजवर बेट अखंड ख्रिस्ती राहिल्याचं मांडलं. तुर्कांशी रोजची लढाई असलेल्या राज्यात अरब वारसा कबूल करणं सोपं नव्हतं, हे समजून घ्यायला हवं. मग भाषेचं काय? तिला प्युनिक ठरवण्यात आलं, म्हणजे कार्थेजच्या फिनिशियनांची. गोझोचे धर्मगुरू आजियुस दे सोल्दानिस यांनी १७५० साली रोममध्ये छापलेल्या व्याकरणात हीच भूमिका घेतली. भाषेवर त्यांचं प्रेम खरं होतं, त्या काळी लिहायच्याही लायकीची न मानलेल्या बोलीचं त्यांनी व्याकरण रचलं. पण निष्कर्ष टिकला नाही.

आपल्या आडनावापुरतं बोलायचं तर ते प्युनिक असूच शकत नाही. फिनिशियन आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी, त्यांच्यात उपपद 'ह' असं लागतं, 'अल' नाही. हिब्रूत कोंबडीला 'तरनेगोलेत' म्हणतात, 'दजाज'शी तिचा संबंध नाही. ज्या दुहेरी त बद्दल वर लिहिलं, तो अरबी उपपदाचा ठसा आहे.

२०व्या शतकात चित्र पालटलं ते कागदपत्रांमुळे. इतिहासकार गॉडफ्रे वेटिंजर यांनी १४१९ सालची लष्करी पहाऱ्याची यादी आणि १४८० च्या दशकातल्या नावांच्या याद्या तपासल्या. कोणत्या गावात कोणत्या नावाचे पुरुष होते, ते त्यांतून कळतं. आजची बोर्ग, वेल्ला, त्सम्मित ही आडनावं तिथे आधीच आहेत, म्हणजे सरदारांचं १५३० सालचं आगमन होण्याच्या शतकभर आधी. (बोर्गचा संबंध अरबी 'बुर्ज'शी जोडतात. आपल्या किल्ल्यांचा बुरुज तोच. माल्टीजमध्ये मात्र 'बोर्ज' म्हणजे दगडांची रास, त्यामुळे त्या आडनावात मनोरा पाहायचा की शेतातला दगडांचा ढीग, हा खरा प्रश्न आहे.) याच वेटिंजर यांना मिखाएल फ्सादनी या धर्मगुरूंबरोबर १९६६ साली नोटरीच्या एका जुन्या वहीत १५व्या शतकातली माल्टीज कविता सापडली. तोवर इतकं जुनं माल्टीज लिखाण कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्या वह्यांत आडनावं इटालियन वळणाने उतरवली गेली, तशाच वहीच्या पानांत भाषा स्वतःच्या रूपात सापडावी, हे मला फार हलवून जातं.

थोडी नावं, पुष्कळ माणसं

माल्टात आडनावांची गर्दी विलक्षण आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,१७,४३२ होती आणि सर्वाधिक आढळणारी पाच आडनावं होती बोर्ग, कामिल्लेरी, वेल्ला, फर्रूजा आणि त्सम्मित. नावं हजारो असली तरी वरच्या शंभरेक आडनावांतच सुमारे तीन-चतुर्थांश लोक मावतात. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं असली की आडनाव ओळख पटवायच्या कामाचं राहत नाही. म्हणून प्रत्येक घराण्याला वेगळं टोपणनाव पडतं. त्याला माल्टीजमध्ये 'लाआम' म्हणतात, मूळ अरबी 'लकब'. धंदा, आजोबांची एखादी खोड, शारीरिक खूण, काहीही चालतं, आणि ते पुढच्या पिढ्यांना चिकटतं.

म्हणजे कोंबडीवाला हे आडनाव ज्या रीतीने जन्माला आलं ती रीत माल्टाच्या खेड्यांत अजून चालू आहे. १३व्या-१४व्या शतकात कुणाकडे इतरांपेक्षा जास्त कोंबड्या होत्या, किंवा तो त्या बाजारात आणून विकायचा, किंवा त्याच्या कोंबड्या शेजाऱ्यांच्या वाफ्यात शिरायच्या. गावाने हाक ठरवली. मग कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर, १५६३ पासून, प्रत्येक चर्चला लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं. पाद्रीने हाक शाईने लिहिली, मुलाच्या नावापुढे तीच लिहिली, नातवाच्या पुढे तीच. हाक गोठली आणि आडनाव झालं. मुलगा कोळी झाला, नातू सुतार झाला, तरी तो कोंबडीवालाच राहिला. आपल्याकडच्या जोशी-कुलकर्णींना हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतली पायरी याच मालिकेत बसते. अरबी बोलीतून नाव निघालं, लॅटिन-इटालियन लेखणीने त्याला अक्षरं दिली, आणि इंग्रजी जिभेने त्या अक्षरांतून नवा उच्चार घडवला. ३ फेब्रुवारी २०२० च्या आयोवा राज्यातल्या, पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या पहिल्या फेरीत हे नाव निसटत्या फरकाने वर राहिलं, १ मार्चला उमेदवारी मागे घेतली गेली, आणि २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्याच्या दारावर ते होतं. 'एज-एज' हा उच्चार चूक म्हणून हिणवण्यात मला अर्थ वाटत नाही. 'दजाज'चं 'तिजीज' करणारेही कुणाच्या तरी कानाला चूकच वाटले असतील.

कुणाला अशा नावाचा खरा माग काढायचा असेल तर क्रम उलटा ठेवावा. अर्थ शेवटी, आधी कागद. चर्चच्या नोंदवह्यांतून मागे जात १६व्या शतकापर्यंत पोचता येतं. त्यापलीकडे वालेत्तातल्या नोटरी दप्तरखान्यातल्या वह्या आहेत, सहा शतकांच्या, वीस हजारांच्या वर, काही दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत फाटलेल्या. तिथे जमिनीचे व्यवहार, हुंडे, मृत्युपत्रं सापडतात, आणि नावाची वेगवेगळी लेखनंही : एक टी, दोन टी, शेवटी जी, कधी दुसरंच काही. ती सगळी तारखेनुसार मांडावी. मग पहाऱ्याच्या याद्यांशी गाव जुळतं का बघावं. आणि प्रत्येक नोंदीत लिहिणारा कोण होता, तो सिसिलीचा की माल्टाचा, हे नोंदवायला विसरू नये, कारण त्याच्या कानावर आणि लेखणीवर नावाचं रूप ठरलेलं असतं.